नवी फायबर बोट ताब्यात घेताना: लायनरच्या मागे आणि फ्लोअरच्या खाली काय बघायचं

भरतीओहोटी

हौसेसाठी घेतल्या जाणाऱ्या, १८ ते २६ फुटांच्या, मागे आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन) लावलेल्या एफआरपी, म्हणजे फायबरच्या बोटींबद्दल हा धागा आहे. कोकणात आणि गोव्यात अशा बोटी बनवणारे बरेच आहेत, काही जण बाहेरूनही मागवतात. जेलकोटची, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थराची, चकाकी, गाद्या, स्पीकर, छत सगळं छान असतं. दोष असतात ते लायनरच्या (आतल्या अस्तराच्या) मागे, फ्लोअरच्या खाली आणि रबरी पट्टीच्या आड. काम साच्यात असताना ते सहज टळतात. एकदा फ्लोअर बसला की तेच दुरुस्त करायला अर्धी बोट कापावी लागते.

म्हणून पहिली अट ऑर्डर देतानाच लिहून घ्या: तळाला आणि ट्रान्समला (इंजिन लागतं ती मागची भिंत) होल-सॉने (गोल भोक कापणारी करवत) जितकी भोकं पडतील तितक्या चकत्या नंबर घालून मला मिळाव्यात. ३८ मिलीच्या (मिली म्हणजे इथे मिलिमीटर) होल-सॉमधून निघालेली चकती म्हणजे तुमच्या बोटीच्या तळाचा खरा नमुना. ती उन्हात धरून कडेने बघा. बाहेर जेलकोटचा पट्टा, अर्ध्या मिलीच्या आसपास. त्यामागे मॅटचा (काचेच्या तुटक धाग्यांचा) धुरकट थर, मग रोव्हिंगची (विणलेल्या काचकापडाची) चौकडीची वीण. कडेला पांढुरके कोरडे धागे दिसले तर तिथे रेझिन (धागे जोडणारी राळ) पोचलेलं नाही. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं एका ओळीत दिसली तर दोन थरांमधली हवा रोलरने काढलेली नाही. आणि मध्येच नुसत्या रेझिनचा जाड, काचेसारखा पट्टा असेल तर ती जाडी ताकदीची नव्हे, तिथे पुढे तडा जातो.

जाडीचा हिशोब सोपा आहे. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिली, ६०० ग्रॅम रोव्हिंगचा एक थर ०.८ मिलीच्या आसपास. चार मॅट आणि दोन रोव्हिंग ठरले असतील तर चकती साडेपाच मिलीच्या जवळ भरली पाहिजे. चारच मिली भरली तर कुठला थर खाल्ला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी अट: टाकी, प्रत्येक थ्रू-हल (तळातून आरपार जाणारं पाण्याचं फिटिंग), बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) आणि ट्रान्समची आतली बाजू, इथे हात पोचेल असं झाकण हवं. हात जात नाही तिथली गोष्ट कोणी तपासत नाही आणि घट्टही करत नाही.

फायबर_मिस्त्री

चकतीचं आणखी एक करता येतं. सोनाराच्या काट्यावर वजन करा, कारण चकती जेमतेम १० ग्रॅमची असते आणि किराणा दुकानाचा काटा तिथे उपयोगाचा नाही. मग मोकळ्या हवेत, वारा पाठीवर घेऊन उभं राहून, बर्नरवर पूर्ण जाळा. रेझिन जळून जातं, काच उरते. थंड झाल्यावर पुन्हा वजन. हाताने केलेल्या मॅट-रोव्हिंगच्या कामात काच वजनाने ३० ते ४० टक्के असावी. २५ च्या खाली असेल तर बोट रेझिनने जड केलेली आहे. जळून उरलेले थर चिमट्याने एकेक सुटे होतात, मोजून घ्या. प्लायवूड असलेल्या ट्रान्समच्या चकतीत लाकूड आधी वेगळं करा, नाहीतर हिशोब चुकतो.

रेझिन कुठलं ते बिलावर लिहून घ्या. ऑर्थो, आयसो आणि व्हिनिलएस्टर हे रेझिनचे प्रकार, पाण्याला चढत्या क्रमाने टिकणारे. ऑर्थो स्वस्त आहे. पाण्याखालच्या भागाला किमान आयसो हवं, आणि जेलकोटच्या मागचा पहिला थर व्हिनिलएस्टरमध्ये केला तर फोड यायची शक्यता बरीच कमी होते. आपल्याकडचं पाणी बारा महिने कोमट असतं, त्यामुळे जेलकोटमधून पाणी झिरपण्याचा वेग थंड देशांपेक्षा जास्त. बोट सतत पाण्यात राहणार असेल तर हा थर टाळू नका. ट्रेलरवरून ने-आण असेल तर आयसो पुरतं.

पावसाळ्यात भरलेल्या साच्याबद्दल सावध राहा. मॅट ओल धरते, रेझिनशी तिची पकड बसत नाही. शेडमध्ये आर्द्रता मोजायचा काटा नसेल आणि बाहेर धो-धो पाऊस असेल तर त्या दिवशीचं काम घेऊ नये. हार्डनर साधारण १ ते २ टक्के. घाई म्हणून जास्त घातला तर माल तापून ठिसूळ होतो, कमी घातला तर कधीच पुरता पिकत नाही. तीन-चार आठवड्यांनीही लॉकर उघडल्यावर स्टायरीनचा (कच्च्या रेझिनचा) उग्र वास येत असेल तर आतल्या बिनजेलकोटच्या जागेवर अ‍ॅसिटोनचा बोळा अर्धा मिनिट घासा. चिकट झाली तर माल कच्चा आहे. बार्कोल काटा (कडकपणा मोजणारा) मिळाला तर उत्तमच, पिकलेल्या पॉलिएस्टर लॅमिनेटला (थरांच्या फायबरला) ३५ ते ४० यायला हवेत.

खाडीकाठ

दोघांचेही आभार. पण आमची बोट तयार उभी आहे, २१ फुटी, चकत्या केव्हाच फेकून दिल्यात. पुढच्या आठवड्यात ताबा आहे. आता काय बघता येईल?

भरतीओहोटी

खाडीकाठ दादा, अजून खूप काही बघता येतं. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि चांगली टॉर्च घ्या. मूठ डेकवर दर १० सेंटीमीटरला हलकेच वाजवत चला. घट्ट जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या किंवा कोअर (थरांमधला भराव) भिजलेल्या जागी बद्द येतो. क्लीट (दोर बांधायचा खुंट), रेलिंगचे पाय, हॅचच्या कडा, आसनांचे खांब यांच्याभोवती जास्त वाजवा. जिथे भोक पाडलं तिथूनच पाणी आत जातं.

सगळ्यात नेहमीचा दोष हाच आहे. डेक हलका आणि ताठ व्हावा म्हणून दोन फायबरच्या थरांत बाल्सा (एक हलकं लाकूड), प्लायवूड किंवा फोम असतो. त्यातून सरळ भोक पाडून बोल्ट घालतात, वरून सिलिकॉन फासतात. दोन हंगामांत सिलिकॉन सुटतं, पाणी कोअरमध्ये उतरतं, बाल्सा कुजून लगदा होतो. वरून काहीच दिसत नाही, फक्त पाय ठेवल्यावर डेक किंचित दबतो.

बरोबर पद्धत अशी: ८ मिलीच्या बोल्टसाठी आधी वरचा थर आणि कोअर १६ मिलीने पाडायचा, खालचा थर शाबूत ठेवायचा. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आजूबाजूचा कोअर आणखी थोडा कोरायचा. त्या खड्ड्याला आधी पातळ इपॉक्सी पाजायचं, मग सिलिका घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं. दुसऱ्या दिवशी मधोमध ८.५ मिलीचं भोक. वरच्या तोंडाला काउंटरसिंकने किंचित उतार द्यायचा म्हणजे ब्यूटिल टेप किंवा सीलंट तिथे रिंगसारखं बसतं. आता गळलं तरी पाणी इपॉक्सीतून पुढे जात नाही.

क्लीटच्या खालच्या बाजूला हात घालून बघा. नुसते वॉशर लागले तर नामंजूर करा. किमान ६ मिली जाड फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पाटी हवी, क्लीटच्या पायापेक्षा चारही बाजूंनी २५ मिली मोठी. नांगराच्या क्लीटला लाटेचा झटका बसतो तेव्हा वॉशर डेकमधून अक्षरशः उपटून येतात.

मग हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेकचा जोड. डब्याच्या झाकणासारखा डेक हलवर बसवलेला असतो आणि वरून रबरी पट्टी. पट्टीचं टोक सोडवून एक मीटरभर मागे खेचा. आत पॉप रिव्हेट किंवा सेल्फ-टॅपिंग स्क्रू २०-२५ सेंटीमीटरवर दिसले तर तो जोड लाटेत आपटून आपटून ढिला होणार. ६ मिलीचे आरपार बोल्ट दर १५ सेंटीमीटरला, मध्ये पॉलियुरेथेनचा चिकट सीलंट, आणि हात पोचतो तिथे आतून मॅटची पट्टी, असं असावं. ताबा घेण्याआधी एक सोपी परीक्षा करा. आतल्या बाजूला जोडाखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा, बाहेरून पट्टीवर पाण्याचा पाइप वीस मिनिटं मारा, मग टॉर्च घेऊन कागद बघा. ओला ठिपका कुठे ते लगेच कळतं. तिथे खडूने खूण करा.

फायबर_मिस्त्री

ट्रान्सम राहिला. पाणी सोडायचा बुचाचा पाइप ट्रान्समच्या प्लायवूडमधून जातो. बूच काढून भोकात करंगळी फिरवा, खरखरीत लाकूड लागलं तर कडा इपॉक्सीने बंद केलेल्या नाहीत. प्लाय तिथूनच भिजायला लागतो. इंजिनचे चार १२ मिलीचे बोल्ट, ट्रान्सड्यूसरचे (पाण्याची खोली मोजणाऱ्या सेन्सरचे) स्क्रू, शिडीचे पाय, सगळ्यांना तोच नियम. ट्रान्सड्यूसरसाठी ट्रान्समला भोकं पाडण्यापेक्षा एक प्लास्टिकची पाटी चिकटवून स्क्रू त्या पाटीत घ्यावेत.

फ्लोअरखालच्या स्ट्रिंगरमध्ये (तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळया) पाणी वाहायला भोकं ठेवतात, तीही बहुतेक वेळा फायबर चढवून झाल्यावर ड्रिलने पाडलेली असतात आणि लाकूड उघडंच राहतं. खरं तर पाइपचा तुकडा बसवून त्याच्या कडा फायबरने बंद करायला हव्यात. आरसा आणि टॉर्च झाकणातून आत घालून हे दिसतं.

दर्यासारंग

आता तळातल्या व्हॉल्व्हकडे येतो, कारण बोट बुडते ती इथे.

बाहेरून आलेल्या चांगल्या नावाच्या नव्या बोटींतही साध्या पितळेचे, वरून निकेल चढवलेले बॉल व्हॉल्व्ह असतात. साध्या प्लंबिंगच्या पितळेत जस्त ४० टक्क्यांच्या आसपास असतं. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तसाच, पण खरवडलं की गुलाबी, आणि पायाचा धक्का लागला तरी तुटतं. युरोपात हे चालत आलं कारण आयएसओ ९०९३ या फिटिंगच्या मानकाच्या जुन्या आवृत्तीत गंजरोधक म्हणजे पाच वर्षांत बिघाड न होणारा, इतकीच व्याख्या होती. पाच वर्षांनंतर काय, याला उत्तर नव्हतं.

काय हवं: ब्राँझ, किंवा जस्त न सुटणारं डीझेडआर पितळ (बऱ्याच फिटिंगवर 'सीआर' असा ठसा असतो), किंवा काच मिसळलेल्या नायलॉनचे समुद्री फिटिंग. व्हॉल्व्ह चकाकत असेल तर न दिसणाऱ्या जागी निकेल थोडं खरवडून धातू बघा आणि विक्रेत्याकडून धातूचं नाव लेखी घ्या.

दुसरा दोष आट्यांचा. थ्रू-हलचे आटे सरळ आणि व्हॉल्व्हचे निमुळते असले की तीन-चार आट्यांतच घट्ट लागल्यासारखं वाटतं. बाहेरून दिसत नाही. व्हॉल्व्ह सुटा करून पूर्ण किती फेरे फिरतो ते मोजा. ताकदीचा अमेरिकन निकष असा आहे की बसवलेल्या फिटिंगच्या आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो भार ३० सेकंद दिला तरी ते टिकलं पाहिजे. तेवढा भार घरी देऊ नका, पण एका हाताने आडवं हलवल्यावर फिटिंग किंवा तळ हलताना दिसला तर ते निकषाच्या जवळपासही नाही. तळाच्या आतून फिटिंगच्या दुप्पट व्यासाची फायबरची चकती बसवून घ्या.

होज क्लिपला लोहचुंबक लावा. पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, हे फार दिसतं. स्क्रू गंजून तुटतो. पाण्याच्या रेषेखाली दोन क्लिपा लावा, पण होजखालचं नळकांडं दोन्ही क्लिपांना पुरेल इतकं लांब असेल तरच. आखूड नळकांड्यावर दुसरी क्लिप होज कापते. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

वायरमन

दर्यासारंग काकांच्या मुद्द्याला जोडून बिल्ज पंपाचं गणित देतो. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर ३८ मिलीचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी येतं. डब्यावर ११०० गॅलन लिहिलेला पंप कागदावर तासाला ४१६० लिटर, म्हणजे मिनिटाला ६९ लिटर उपसतो. पण तो आकडा शून्य उंचीचा आणि पूर्ण व्होल्टेजचा. एक मीटर चढ, आतून वळ्या असलेला स्वस्त होज, दोन वाकणं आणि बारीक वायर मिळून तो अर्ध्यावर येतो. नव्या बोटीत बहुतेक एकच ५०० गॅलनचा पंप असतो. २० फुटांपुढे किमान दोन ठेवा: छोटा तळाशी, मोठा त्याच्या १०-१५ सेंटीमीटर वर, प्रत्येकाचा होज आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप लावणारा) वेगळा. होज आतून गुळगुळीत हवा. पाणी परत येऊ नये म्हणून होजमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालतात तो काढून टाका, त्यात कचरा अडकतो. त्याऐवजी होजला डेकच्या खालपर्यंत उंच वळसा द्या आणि बाहेरचं तोंड पाण्याच्या रेषेपासून किमान २० सेंटीमीटर वर ठेवा.

फ्लोट स्विचची वायर मुख्य बॅटरी स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेली हवी. नव्या बोटीत ती हमखास पॅनेलवरून घेतलेली असते. मालक घरी जाताना मेन स्विच बंद करतो आणि पंपही बंद होतो.

वायरची जाडी: पंप ५ अँपिअर घेतो, बॅटरीपासून ६ मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर. १.५ स्क्वेअर मिलीच्या वायरमध्ये ०.७ व्होल्ट जातात, जवळपास ६ टक्के. २.५ मध्ये साडेतीन टक्के. ४ स्क्वेअरमध्ये सव्वादोन टक्के. पंप, नॅव्हिगेशन दिवे, रेडिओ यांना ३ टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणून ४ घ्या. सूत्र: ०.०१७५ गुणिले जाऊन-येऊन मीटर गुणिले अँपिअर, भागिले स्क्वेअर मिली. उत्तर व्होल्टमध्ये.

वायर कथिल चढवलेली हवी. टोक सोलून बघा, चंदेरी दिसली तर ठीक, लालसर असेल तर गाडीची किंवा घरची वायर आहे. ती इन्सुलेशनच्या आत फूटभर काळी पडत जाते. जोड क्रिंप करून वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला जोड बिल्जच्या वर सापडला तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासायची वेळ आली समजा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मुख्य फ्यूज १८ सेंटीमीटरच्या आत हवा. इंजिन सुरू करायच्या जाड केबलला तेवढी सूट असते. आणि बॅटरी पट्ट्याने अशी बांधलेली हवी की दोन्ही हातांनी ओढली तरी बोटभरापेक्षा जास्त सरकू नये.

सागरवेल

बनावटीबद्दल सगळं येतंय, आराखड्यातल्या चुकांबद्दल लिहिते. त्या मिस्त्रीच्या हाताने सुधारत नाहीत.

बरेच साचे हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या काळातले आहेत. त्याच ट्रान्समवर आता जड फोर-स्ट्रोक लागतं, शिवाय दोन बॅटऱ्या आणि टाकीही मागेच. बोट मागे बसते आणि फ्लोअरची पाणी जायची भोकं पाण्याखाली जातात. ताबा घेताना टाकी पूर्ण भरा, चार माणसं मागच्या कोपऱ्यात उभी करा आणि फ्लोअरवर पाणी येतं का बघा. येत असेल तर बॅटऱ्या कन्सोलखाली (स्टिअरिंगच्या चौथऱ्याखाली) सरकवा. भोकांना बाहेरून रबरी पडदी लावणं हा तात्पुरता उपाय.

भोकांचा आकारही बघा. २ मीटर लांब, १.६ मीटर रुंद कॉकपिटमध्ये मागून आलेल्या लाटेने २० सेंटीमीटर पाणी भरलं तर ते ६४० लिटर, म्हणजे ६४० किलो. २५ मिलीच्या दोन भोकांतून ते जायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागतात आणि दुसरी लाट तेवढी थांबत नाही. ५० मिलीची दोन केली तर काम पाव वेळेत होतं, कारण व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट. जाळ्या काढून टाका, एक प्लास्टिकची पिशवी त्या बंद करते.

छत आणि त्यावर चढवलेले दिवे, रडार, लाइफ राफ्ट यांचं वजन वर जातं. मूळ आराखड्यात छत नसेल तर बिल्डरकडून स्थिरतेची चाचणी मागा. घरगुती पडताळा असा: शांत पाण्यात, किनाऱ्याजवळ, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून, क्षमतेइतकी माणसं हळूहळू एका बाजूला न्या. पाणी कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत यायला अजून किती जागा उरते ते मोजत राहा. ती झपाट्याने कमी व्हायला लागली की तिथेच थांबा. तेवढी माणसं त्या बोटीत बसवायची नाहीत, बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर आकडा काहीही असो.

पाटीवरचं अक्षरही नीट वाचा. युरोपियन वर्गवारीत 'सी' म्हणजे ब्यूफोर्ट (वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा. 'डी' म्हणजे ब्यूफोर्ट ४ आणि लाट ०.३ मीटर, क्वचित ०.५. खाडीसाठी 'डी' ठीक आहे. तीच बोट खाडीच्या तोंडाबाहेर नेऊ नये.

आणि शिडी. दोन पायऱ्यांची शिडी दिसायला छान, पण पाण्यातल्या दमलेल्या माणसाला चढता येत नाही. खालची पायरी पाण्याच्या रेषेखाली किमान ५६ सेंटीमीटर जायला हवी आणि ती पाण्यातूनच उघडता आली पाहिजे.

खाडीकाठ

सागरवेल ताई, आमच्या बिल्डरने सांगितलंय की फ्लोअरखाली फोम भरलेला आहे, बोट बुडणारच नाही. हे कितपत धरून चालायचं?

सागरवेल

त्यांना फक्त एवढं विचारा: किती लिटर आणि कुठे?

तुमच्या २१ फुटीचा अंदाज मांडू. फायबर ५०० किलो धरलं तर त्याची घनता दीडच्या आसपास असल्याने पूर्ण बुडाल्यावर त्याचं वजन सुमारे १६० किलो उरतं. इंजिन ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक, ११५ किलो, सुरक्षित बाजूला राहायचं म्हणून पूर्ण धरा. बॅटऱ्या ५०. सहा माणसं बोट धरून पाण्यात, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ९०. बेरीज ४१५ किलो. घनमीटरला ३२ किलोचा फोम समुद्रात लिटरमागे जवळपास १ किलो उचलतो. म्हणजे ४२० लिटर, त्यावर वीस टक्के भर घालून ५०० लिटर. अर्धा घनमीटर जागा. झाकण उघडून टेपने मोजा, तेवढा फोम मावतो का ते दिसेलच.

जागा त्याहून महत्त्वाची. सगळा फोम फ्लोअरखाली असेल तर पाणी भरलेली बोट उलटी होते आणि तळ वर करून तरंगते. फोम कठड्यांच्या आत, शक्य तितका उंच आणि बाजूंना हवा, आणि इंजिनाचं वजन तोलायला ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांत. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींना पाणी भरल्यावरही सपाट तरंगण्याची सक्ती आहे. २१ फुटीला ती लागू होत नाही, म्हणून तर तुम्हीच विचारायला हवं.

फायबर_मिस्त्री

ताईंशी सहमत, फक्त ओतीव फोमबद्दल माझं मत वेगळं आहे. फ्लोअरला भोक पाडून दोन भाग मिसळून ओततात, तो फुगून सगळ्या फटी भरतो. मग बिल्जचं पाणी वाहायला वाटच राहत नाही, फोमला टेकून स्ट्रिंगर ओले राहतात आणि काही वर्षांनी फोम स्वतःच पाणी पितो. बंद पेशींचे तयार ठोकळे कापून बसवा, तळाशी ३० मिली जागा मोकळी, पट्ट्यांनी बांधलेले. साधा पांढरा थर्माकोल नको, पेट्रोल लागलं की विरघळतो.

दर्यासारंग

टाकीही त्याच फोममध्ये पुरतात, ते सगळ्यात वाईट. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीभोवती ओला फोम राहिला की खालून भोकं पडतात. टाकी रबराच्या नव्हे, पाणी न धरणाऱ्या प्लास्टिकच्या चिकटवलेल्या पट्ट्यांवर ठेवा, खाली हवा खेळू द्या. अ‍ॅल्युमिनियमवर थेट पितळी फिटिंग नको, मध्ये स्टेनलेसचा तुकडा हवा. पॉलिथिनची टाकी पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर २ टक्क्यांच्या आसपास फुगते, मीटरभर लांबीला २० मिली मोकळे ठेवा, नाहीतर फ्लोअर उचलते.

होज आयएसओ ७८४० चा, म्हणजे आग सोसणारा. नाव होजवरच छापलेलं असतं. हवा जायच्या नळीत कुठेही झोळ नको. झोळात पेट्रोल साचलं की पंपावर भरताना उलटं उसळतं. टाकी आणि बॅटरी एकाच बंद कप्प्यात असतील तर बोट घेऊ नका, आधी वेगळे करून घ्या.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डना १० टक्क्यांपर्यंतच मान्यता असते. आपल्या इंजिनाचं पुस्तक बघा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर हात पोचेल अशा जागी हवा. पावसाळ्यात बोट वर काढताना पोर्टेबल टाकी रिकामी करा.

वायरमन

स्टेनलेसबद्दल एक भर. रेलिंग आणि नट-बोल्टला ३०४ सांगून २०० मालिकेतलं, म्हणजे २०२ वगैरे, लावलेलं आढळतं. चुंबकाने फरक कळत नाही, दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. भंगारवाल्यांकडे आणि स्टेनलेसच्या दुकानात थेंब टाकून ओळखायचं रसायन मिळतं: एक मँगनीज दाखवतं, दुसरं मॉलिब्डेनम. पाण्यात भिजणाऱ्या बोल्टला मॉलिब्डेनमची चाचणी पास व्हायला हवी, म्हणजे ३१६.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, यादी करून घेतली. शेवटचं विचारतो: पाण्यात उतरवल्यावर चाचणीचा क्रम काय ठेवावा, आणि किती पैसे मागे ठेवावेत?

भरतीओहोटी

पैशांचं करारात आधी ठरलेलं असेल तेच, पण शेवटचा हप्ता पाण्यातल्या चाचणीनंतर, एवढं तरी लिहून घ्या.

क्रम असा. बिल्ज फडक्याने कोरडी पुसा, प्रत्येक थ्रू-हलभोवती आणि बुचाभोवती खडूची पूड भुरभुरवा. बोट पाण्यात सोडून इंजिन न लावता दोन तास बांधून ठेवा. पूड भिजली तिथे गळती. मग बिल्जमध्ये दोन बादल्या पाणी ओतून फ्लोट स्विच आपोआप लागतो का बघा, तेही मेन स्विच बंद ठेवून. पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मीटर धरा. बॅटरीवर १२.६ आणि पंपावर १२.१ आलं तर वायर बारीक आहे.

मग अर्धा तास चालवा, निम्मा वेळ लाटेच्या तोंडावर. सरळ जाताना इंजिनच्या पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा तिच्या २५ मिली वर असावी. वळणावर इंजिन हवा खाऊन ओरडलं तर उंची चुकली आहे, फार खाली असेल तर फवारा उडतो आणि वेग मरतो. परत आल्यावर लगेच, बोट तापलेली असतानाच, जोडाच्या आतल्या बाजूने, स्ट्रिंगर आणि हलच्या कोपऱ्यांत, ट्रान्समच्या वरच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. केसासारखी नवी भेग दिसली तर तारीख घालून फोटो काढा आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास चालवून भेग रेघेच्या पुढे गेली का ते बघा. गेली नसेल तर ती बहुधा जेलकोटपुरती आहे. गेली असेल तर बोट पाण्याबाहेर काढून तिथलं जेलकोट घासायला सांगा आणि लॅमिनेट उघडं दिसेपर्यंत शेवटच्या कागदावर सही करू नका.